वडिलांनी गोऱ्या साहेबाला दिलेलं गुपित

माझ्या वडिलांनी आपल्या कारखान्याचं गुपित परदेशी कंपनीला दिलं, आणि ते एका शेल्यापायी दिलं. आता हे उघड लिहायला हरकत नाही. वडील गेले, मालक गेले, कारखान्याच्या जागी मंगल कार्यालय झालं. अधूनमधून वर्तमानपत्रात विद्वान मंडळी लेख लिहितात, माणसं धंद्यातली गुपितं परक्यांना का देतात म्हणून. लोभ असतो म्हणे, डोक्यावर कर्ज असतं, बाईचा नाद असतो, देशाबद्दल प्रेम नसतं. मी हे लेख चष्मा लावून शेवटपर्यंत वाचते आणि शेवटपर्यंत चिडते. यातलं एकही आमच्या घरात नव्हतं. वडिलांना सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं, कर्ज आईने होऊच दिलं नसतं, आणि पंधरा ऑगस्टला कारखान्यातल्या झेंड्याला पहिला सलाम तेच ठोकायचे. बाईच्या नादाचं आईला विचारलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहायचो आणि वडील शहराबाहेरच्या एका संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात रसखात्याचे मुख्य होते. मुख्य म्हणजे पगार मुख्य नव्हता, पण मिशी होती. ती ते रोज सकाळी आरशासमोर उभे राहून तेलाने बसवायचे आणि मगच सायकल बाहेर काढायचे. मोहल्ल्यात कोणाकडे लग्नमुंज असली की सरबताचं बघायला त्यांना बोलवायचे, आणि वडीलही जणू राज्याभिषेकाला निघालेत अशा थाटात जायचे.

नागपुरी संत्र्याची एक खोड आहे. रस काढून लगेच प्यायला तर साखर, आणि बाटलीत भरून ठेवला तर काही दिवसांत कडू. मोठमोठ्या कारखान्यांनी यावर हात टेकले होते. आमच्या मालकांच्या बाटलीतला रस मात्र वर्ष गेलं तरी कडू होत नसे, आणि मालकांची सगळी इस्टेट, मोटार आणि पोटाचा घेर त्या एका गोष्टीवर उभा होता. गुपित तसं ऐकायला साधं होतं. संत्रं यंत्रात घालायचंच नाही. बायकांनी हाताने सोलायचं, शिरा काढायच्या, बिया काढायच्या, फोडी लाकडी रुळाखाली अलगद दाबायच्या आणि शेवटचा रस निघायच्या आत रूळ उचलायचा, कारण कडूपणा असतो तो त्या शेवटच्या रसात. मग रस झटकन तापवायचा आणि झटकन निववायचा. मालक मूळचे इतके चिक्कू की पत्राचं पाकीट उलटं करून पुन्हा वापरायचे. अशा माणसाला रोज डोळ्यांदेखत रस टाकून द्यावा लागायचा. मला वाटतं देवाने त्यांना तेवढीच एक शिक्षा दिली होती.

हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक असणारी माणसं तीन. मालक, पुण्याहून आलेला केमिस्ट आणि माझे वडील. रसखान्याच्या दारावर ‘आत येण्यास सक्त मनाई’ अशी पाटी होती आणि पितळी कुलूप होतं. कुलपाची किल्ली दाराच्याच वरच्या फळीवर असायची, पण पाटीचा धाक मोठा. शिवाय मालकांनी वडिलांना टेकडीच्या गणपतीची शपथ घातली होती. केमिस्टला घातली नव्हती. शिकलेल्या माणसाच्या शपथेवर त्यांचा भरवसा नव्हता.

तर मालकांच्या मुलीचं लग्न निघालं.

आमच्याकडच्या लग्नात जेवणापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मान. मांडवात लाउडस्पीकर असतो, आणि मंगलाष्टकं संपली की त्यावरून एकेका मानकऱ्याचं नाव पुकारतात. तो माणूस नको-नको करत उठतो, लगबगीने पुढे जातो, त्याला कुंकू लावतात, खांद्यावर शेला टाकतात, हातात नारळ देतात. शेला पातळ असतो, त्याने अंगही नीट पुसता येत नाही. पण तो कोणाला मिळाला आणि कोणाला नाही यावर नागपुरात भावाभावांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत.

वडील त्या दिवशी कडक इस्त्रीचं धोतर नेसून पुढच्या सतरंजीवर बसले होते. आई आणि मी बायकांत. नावं पुकारली जाऊ लागली. बँकेचे मॅनेजर, डॉक्टर, अबकारीचे इन्स्पेक्टर, बाटल्यांचे व्यापारी, बुचांचे व्यापारी. पुण्याच्या केमिस्टलाही पुकारलं. तो बिचारा लाजून लाल झाला, शेला कुठल्या खांद्यावर घ्यायचा तेही त्याला ठाऊक नव्हतं. वडील ताठ बसून होते. मग लाउडस्पीकरवर त्यांचं नाव आलं. ते उठले, टोपी सारखी केली, मिशीवरून हात फिरवला, आणि दोन पावलं पुढे टाकली तोवर पुढचं वाक्य आलं: “...जिथं असतील तिथून त्यांनी ताबडतोब पंगतीकडे जावं. सरबत कमी पडून राहिलं.”

लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. कोणाला त्यात काही वावगं वाटलंच नाही. वडील पंगतीकडे गेले आणि वरात निघेपर्यंत सरबत ढवळत राहिले.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, “काहो, नाव नाई का घेतलं तुमचं शेल्याले?”

“घेतलं की,” वडील म्हणाले, “अख्ख्या मांडवानं ऐकलं.”

मालकांचं म्हणणं नंतर कानावर आलं, तेही कोणीतरी त्यांना टोचल्यावर. ते म्हणाले, घरच्या माणसाला कसला मान? मान परक्याला द्यायचा असतो. तो तर आपला घरचा. आणि खरं सांगायचं तर मालक यात खोटं बोलत नव्हते. त्यांना हा वडिलांचा गौरवच वाटत होता. पगारवाढीच्या वेळी वडील घरचे असायचे, रविवारी कामावर बोलवायचं असलं की घरचे असायचे, आणि घरच्यांच्या पंगतीत बसायची वेळ आली की वाढायला लागायचे.

वडील रुसले. जावयाचं रुसणं मी पाहिलं होतं, ते एका अंगठीत संपतं. हे तसं नव्हतं. कामात कसूर नाही, वेळेत चूक नाही, पण मालक दिसले की नमस्कार करायचा तो त्यांच्या मागच्या भिंतीला. मालकांच्या लक्षातही आलं नाही. पूर्ण हंगाम गेला. न दिसणाऱ्या रुसव्यासारखं वाईट काही नसतं, माणूस आतल्या आत कुढतो. कारखान्यासमोरच्या पानठेल्यावर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिथे त्याची रोज चर्चा चालायची.

त्या हिवाळ्यात एक गोरा साहेब कारखाना पाहायला आला. साता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा रसाच्या कंपनीचा. बरोबर मुंबईचा एक मराठी एजंट होता, सफारी घातलेला, जिभेवर खडीसाखर. मालकांनी दोघांना सगळं हिंडवून दाखवलं, बाटल्या धुताना दाखवल्या, लेबलं चिकटवताना दाखवली, आणि रसखान्याच्या दारापाशी येऊन दोन्ही हात पसरून हसले. दारात वडील उभे होते. गोऱ्याने हे कोण म्हणून विचारलं. मालक म्हणाले, “ये तो अपना घर का आदमी है.”

एजंटने ते ऐकून ठेवलं. मग तो पानठेल्यावर गेला. परदेशी कंपनीच्या त्या सगळ्या हेरगिरीला खर्च काय आला असेल, तर एक बनारसी पान.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी आमच्या गल्लीत टॅक्सी शिरली आणि पाठोपाठ अख्खा मोहल्ला. गोरा साहेब वाकून आमच्या दारातून आत आला, तरी चौकट लागलीच. एजंटने काही एक न बोलता पिशवीतून नारळ काढला, कुंकवाची पुडी काढली आणि एक शेला काढला. तो सीताबर्डीवरून घेतलेला होता, कडेला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. गोऱ्याने वडिलांना कुंकू लावलं. ते कपाळाऐवजी जवळजवळ नाकावर लागलं. मग शेला खांद्यावर घातला, हात जोडले आणि म्हणाला, “सर.”

मी पडद्यामागे चहा गाळत होते. वडिलांना जन्मात कोणी सर म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ऐकलंस ना अशा नजरेने.

एजंट गोड आवाजात म्हणाला, “साहेब म्हणतात, आमच्या देशात तुमच्यासारख्या माणसाचा कंपनीच्या भिंतीवर फोटो लावतात. त्यांना फक्त तुमचं ऐकायचं आहे.”

फक्त ऐकायचं आहे! हे वाक्य ज्या कोणाला सुचलं त्याला मी मानते. वडिलांचं त्या कारखान्यात वीसेक वर्षं कोणी ऐकलं नव्हतं. आम्ही घरीसुद्धा ऐकत नव्हतो. ते संत्र्यावर सुरू झाले की आई उठून डाळ बघायला जायची, डाळ चुलीवर नसली तरी. आणि इथे एक परका माणूस गुडघ्यावर हात ठेवून, मान पुढे काढून बसला होता. वडील बोलू लागले. संत्रं झाडावरून कसं उतरवायचं इथपासून सुरुवात झाली. शिरा कशा काढायच्या हे त्यांनी घरातल्याच संत्र्यावर करून दाखवलं. रूळ कधी उचलायचा हे दाखवायला आईचं लाटणं मागवलं. आई पोळ्या अर्धवट टाकून लाटणं घेऊन आली आणि दारातच उभी राहिली, तिलाही त्या दिवशी ऐकावंसं वाटलं.

मग जेवण झालं. पाटवडीचा रस्सा होता आणि त्यात भिवापूरची मिरची. गोऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. वडिलांना वाटलं, आपलं ऐकून गहिवरला. तेही गहिवरले.

निघताना एजंटने खिशातून एक जाडसर पाकीट काढून पाटावर ठेवलं. वडिलांचा चेहरा एकदम बदलला.

“हे काय गा?” ते उठून उभे राहिले. “उचला ते. मी काय चोर आहे का?”

एजंट गडबडला. पैसे घेणारा माणूस त्याला कळत होता. न घेणारा म्हणजे नक्की काहीतरी लबाडी. त्याने गोऱ्याच्या कानात काही सांगितलं, दोघांनी वडिलांकडे संशयाने पाहिलं आणि घाईघाईत टॅक्सी गाठली.

मी म्हटलं, “बाबा, शपथ घेतली होती तुम्ही.”

“पाहुणा घरी आला, त्यानं विचारलं,” वडील म्हणाले. “त्याले खोटं सांगू का मी? मानानं विचारलं तर मानानं सांगितलं. इकून नाई राहिलो मी.” आणि शेला खांद्यावर ठेवूनच ते गल्लीत फेरी मारून आले. झेंड्याला सलाम करणारा हा माणूस आपण काही वाईट केलं असं एक क्षणही मानत नव्हता. गंमत अशी की मलाही त्यांच्यावर रागावता येईना.

दीड-दोन वर्षं गेली. मी टायपिंग शिकले आणि मालकांनी मला कारखान्याच्या ऑफिसात घेतलं. घरच्या माणसाची मुलगी म्हणून पगार कमी. एक दिवस मालकांचा भाचा आखातातून आला आणि त्याने टेबलावर एक बाटली ठेवली. परदेशी कंपनीची, संत्र्याच्या रसाची, चांगली जुनी. मालकांनी चाखली. मग केमिस्टला चाखायला लावली. कडवटपणाचं नाव नाही. आखातात माल पाठवायचा म्हणून मालकांनी नवी इमारत बांधायला काढली होती, तो सगळा बाजार त्या कंपनीने आधीच घेतला होता. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

चौकशी सुरू झाली. म्हणजे मालक दार लावून विचार करत बसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी चोर पकडला. पुण्याचा केमिस्ट. कारणं भरपूर होती. तो इंग्रजी मासिकं मागवायचा. तो सिगरेट ओढायचा. त्याला परदेशातून नाताळचं कार्ड आलं होतं. आणि सगळ्यात मोठं कारण मालकांनी मलाच सांगितलं, “एवढं डोकं दुसऱ्या कोनाले आहे इथं?” त्यांच्या लेखी चोरी करायला पदवी लागत होती.

केमिस्ट रडकुंडीला आला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो शपथा घेऊ लागला, पण त्याच्या शपथेवर भरवसा नाही हे आधीच ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला काढल्याचं पत्र टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी मशीनमध्ये कागद घातला आणि तशीच बसून राहिले. दुपारच्या सुट्टीत वडिलांना गाठून सांगितलं, केमिस्टला काढतायत, चोर म्हणून.

मला वाटलं त्यांना घाम फुटेल. त्यांचं तोंड आधी उतरलं, हे खरं. तो पोरगा भला होता, दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायचा. पण मग हळूहळू त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या.

“त्यानं सांगितलं म्हणतात?” ते म्हणाले. “त्या पोरानं? मी सांगितलं ते त्याच्या नावावर?”

विद्वानांच्या लेखांत हे कुठेही सापडणार नाही. माझ्या वडिलांना आपली चोरी दुसऱ्याने चोरली याचा संताप आला होता. त्यात त्या पोराबद्दलची कळकळ होती, ती खोटी नव्हती. दोन्ही इतकी मिसळलेली होती की वेगळी करता येत नव्हती. आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. ती बाटली आल्यापासून ते वाट पाहत होते, हे मला तेव्हा उमगलं. मालक एक दिवस आपल्यासमोर येऊन उभे राहतील, ओरडतील, शिव्या देतील, तुम्ही असं कसं केलं म्हणून विचारतील, आणि मग त्यांना कळेल आपण कोणाला सरबत ढवळायला बसवलं होतं. त्यासाठी नोकरी गेली तरी त्यांची तयारी होती. आईला मात्र यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

केमिस्टची काळजी वाचकांनी करू नये. त्याला काढल्याची बातमी पसरली तशी त्या परदेशी कंपनीच्या मुंबई ऑफिसपर्यंतही पोचली. तिथल्या लोकांना वाटलं, एवढ्या मोठ्या चोरीचा संशय ज्याच्यावर येतो तो माणूस हुशारच असणार, आणि त्यांनी त्याला बंगल्यासह नोकरी दिली. पण हे पुढचं. त्या दुपारी हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

वडील सरळ मालकांच्या खोलीत शिरले. मधे लाकडी पार्टिशन होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

“मालक, त्या पोराले नका काढू. ते मी केलं.”

“काय केलं?”

“गुपित मी सांगितलं. गोरा आला होता माझ्या घरी. मी बसवून सांगितलं त्याले.”

मग मालक हसले. दुष्टपणाने नाही. लेकराने काही भलतं सांगितलं की हसतो तसं, मायेनं.

“मले मालूम होतं तुमी येसान म्हणून,” ते म्हणाले. “पोरगा दिवाळीले येते ना तुमच्याकडं? जीव आहे तुमचा त्याच्यावर. पण उगीच काहून अंगावर घेऊन राहिले गा?”

“अंगावर नाई घेऊन राहिलो. खरं सांगून राहिलो.” वडिलांचा आवाज चढला. “लाटण्यानं करून दाखवलं मी त्याले. रूळ कधी उचलाचा, रस किती तापवाचा, सगळं. इचारा ना मले काय सांगितलं ते! इचारा!”

“किती पैसे घेतले?”

“एक पैसा नाई घेतला.”

“बघा!” मालकांना आता खात्रीच पटली. “फुकटात कोन सांगते? अन् तुमी घरचे मानूस. घरचा मानूस काय घर फोडते?” मग त्यांनी आवाज खाली आणला, समजूत घालायला. “अन् खरं सांगू का? राग नका मानू. तुमच्या डोक्यात इकण्यासारखं काही असतं, तर तुमी इतके वर्षं माझ्याकडं काहून राहिले असते?”

फोन वाजला. मालक फोनवर बोलू लागले. वडील बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. मालकांनीच दिलेला, आपल्या स्वतःच्या किटलीतला. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. शेवटी मी घेतला.

संध्याकाळी आम्ही दोघं घरी निघालो. रोज मी कॅरिअरवर बसायचे, त्या दिवशी ते सायकलवर बसलेच नाहीत, नुसती हातात धरून चालत राहिले. मला मालकांच्या खोलीत परत जाऊन ती किटली त्यांच्या डोक्यावर ओतावीशी वाटत होती. वडिलांची कीव येत होती, आणि त्यांची कीव यावी याची लाज वाटत होती. सक्करदऱ्याच्या तलावाच्या वळणाशी ते थांबले.

“बाई,” ते म्हणाले, “तू होती ना वं त्या दिवशी? पडद्यामागं?”

“होते.”

“मग सांग बरं. मीच सांगितलं ना त्याले?”

“हो बाबा. तुम्हीच सांगितलं.”

“सगळं?”

“सगळं. काही ठेवलं नाही.”

त्यांनी मान हलवली. सायकल पुढे ढकलली.

“ठीक आहे,” म्हणाले. “घरात एकाले तरी मालूम पाहिजे.”